आधी पाणी बंद करता आलं पाहिजे

नळ गळतो, टाकी भरून वाहते, मोरी तुंबते, फ्लश थांबत नाही. घरातल्या पाण्याच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा घरच्या माणसाला स्वतः मिटवता येतात. पण पान्हा हातात घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे : तुमच्या घरातलं पाणी कुठून बंद होतं?

भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीसारख्या गावात हा प्रश्न शहरातल्या फ्लॅटपेक्षा किचकट आहे, कारण घरात पाणी एका वाटेने येत नाही. सकाळी ग्रामपंचायतीचा नळ येतो, विहिरीवर किंवा बोअरवर मोटार असते आणि स्लॅबवरच्या टाकीतून न्हाणीघरात, स्वयंपाकघरात वेगळी लाईन उतरते. या तिन्ही वाटांचे व्हॉल्व वेगळे. कित्येक घरांत ते बसवलेलेच नसतात. किंवा असतात, पण वर्षानुवर्षं कोणी फिरवलेले नसतात आणि ऐन वेळी जाम निघतात. म्हणून पहिलं काम हे करा. टाकीच्या खाली, पाणी उतरतं त्या पाइपवर व्हॉल्व आहे का पाहा. असेल तर पूर्ण बंद करून पूर्ण उघडा आणि महिन्या-दोन महिन्यांनी हे करत राहा. नसेल तर दुसरं काहीही दुरुस्त करण्याआधी तो बसवून घ्या. घरातल्या बाया-माणसांना, कॉलेजात जाणाऱ्या पोरांना तो दाखवून ठेवा. रात्री पाइप फुटला तर प्लंबर साकोलीहून येईपर्यंत घर वाचवणारी वस्तू तीच आहे.

आपल्या भागाला हे नव्याने शिकवायची गरज नाही. कोहळी समाजाने या परिसरात जे तलाव बांधले, ज्यांना आज माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणतात, त्यांत पाळीइतकंच महत्त्व तुडुमाला आणि सलंगाला होतं. पाटात पाणी सोडायचं आणि थांबवायचं ते तुडुमाने. जास्तीचं पाणी पाळ न फोडता निघून जायचं ते सलंगावरून. घरच्या टाकीलाही हेच दोन लागतात, खाली व्हॉल्व आणि वर ओव्हरफ्लोचा पाइप. नवं घर बांधताना टाइल्सच्या रंगावर आठ दिवस चर्चा होते. त्यातला अर्धा तास मिस्त्रीबरोबर बसून न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि संडास यांना वेगवेगळे व्हॉल्व टाकून घेतले, तर पुढे एका तोटीसाठी सगळ्या घराचं पाणी तोडावं लागत नाही.

आता तोटीकडे येऊ. नळ गळतो एवढं म्हणून भागत नाही, कुठून गळतो ते आधी नीट पाहा. तोटी बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडतो, तर दोष आतल्या वायसरचा किंवा वायसर ज्यावर टेकतो त्या बैठकीचा. तोटी चालू असताना मुठीच्या खालून पाणी झिरपतं, तर दोष दांड्याभोवतीच्या पॅकिंगचा. आणि भिंतीजवळ, तोटी पाइपात शिरते तिथे ओल असेल, तर आट्यांवरची टेप गेली आहे. तिन्ही दुखणी वेगळी आणि तिन्हींचं औषध वेगळं. तोंडातून गळणारी तोटी जोर लावून आवळणं हा सगळ्यात वाईट उपाय. आवळल्याने वायसर आणखी कापला जातो आणि मग पुढच्या वेळी त्याहून जास्त जोर लावावा लागतो.

जुन्या पद्धतीची, तीन-चार फेरे फिरणारी पितळी तोटी दुरुस्तीला सगळ्यात सोपी. पाणी बंद करा, तोटी उघडून पाइपातलं उरलेलं पाणी काढून टाका. खाली मोरीच्या जाळीवर कापड अंथरा, नाहीतर स्क्रू नेमका तिथेच जाऊन पडतो. मुठीवरचा छोटा स्क्रू काढला की मूठ निघते. तिच्याखालचा मोठा नट स्क्रू पान्ह्याने उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, फिरवा. पान्हा आणि नट यांच्यामध्ये कापड धरलं तर चकाकीवर ओरखडा पडत नाही. स्पिंडल बाहेर आला की त्याच्या टोकाला काळा रबरी वायसर दिसेल. झिजलेला वायसर लगेच ओळखू येतो. त्याच्यावर गोल चरा पडलेला असतो, काठ एका बाजूने खाल्लेला असतो आणि नखाने दाबला तर रबर दबण्याऐवजी कडक लागतं. त्याच मापाचा, बहुधा अर्धा इंची, नवा बसवा.

इथे बहुतेक जण थांबतात, पण आणखी एक मिनिट द्या. तोटीच्या आत बोट घालून बैठकीच्या कडेवरून फिरवा. कड गुळगुळीत लागली तर काम झालं. खाच किंवा क्षाराचा खडबडीत थर लागला तर नवा वायसरही लवकरच कापला जाणार. थर असेल तर तो खरवडून, पुसून काढता येतो. पण पितळेलाच खाच पडली असेल तर ती तोटी बदलणंच स्वस्त पडतं.

अर्ध्या फेऱ्यात किंवा पाव फेऱ्यात चालू-बंद होणाऱ्या नव्या तोट्यांत रबरी वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. वाळूचा कण अडकला तर त्या चकत्यांवर ओरखडा येतो आणि मग आतला सगळा स्पिंडलच बदलावा लागतो. दुकानात जाताना जुना स्पिंडल सोबत न्या. त्याची लांबी आणि वरच्या दातांची संख्या कंपनीगणिक वेगळी असते, तोंडी सांगून जुळत नाही.

मुठीखालून पाणी येत असेल तर वायसरला हात लावू नका. मुठीजवळचा छोटा नट पाव फेरा आवळून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं. नाही थांबलं तर नट सोडून दांड्याभोवती थोडं ग्रीस लावलेला सुती दोरा गुंडाळा आणि पुन्हा आवळा. मूठ फिरायला जड झाली तर जास्त आवळलं असं समजा.

टेफ्लॉन टेपचं काम साधं दिसतं, पण सगळ्यात जास्त गळती याच जागी होते. जुनी टेप खरवडून आटे कोरडे करा. आट्यांचं उघडं टोक तुमच्याकडे धरा आणि टेप घड्याळाच्या दिशेने, ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर तोटी बसवताना ती सुटत जाते. आपल्याकडे मिळणारी टेप पातळ असते, दोन-चार वेढ्यांनी भागत नाही, बारा-पंधरा वेढे हवेत. मग तोटी हाताने जितकी जाईल तितकी फिरवून शेवटचा एखादा फेरा पान्ह्याने द्या. आता कळीची गोष्ट. तोटीचं तोंड सरळ खाली आलं पाहिजे आणि ते जरासं पुढे गेलं, तर मागे फिरवू नका. मागे फिरवलेला सांधा हमखास गळतो. तोटी काढा, दोन-चार वेढे जास्त घालून पुन्हा बसवा. भिंतीतला सांधा प्लास्टिकचा असेल तर जोर बेताचाच. आत एल्बो तडकला की टाइल्स फोडाव्या लागतात.

एवढी खटपट एका थेंबासाठी कशाला, असं कोणी विचारेल. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात, थेंबाच्या आकाराप्रमाणे साधारण ८ ते २० लिटर पाणी. विश्वास नसेल तर रात्री तोटीखाली बादली ठेवून सकाळी मापून पाहा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण घरात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्यातला तिसरा हिस्सा एका झिजलेल्या वायसरमधून नालीत जाऊ शकतो.

गळतीची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. गावातलं नळाचं पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि जातं. पाणी असतं तेव्हा पाइपात दाब असतो, त्यामुळे फट असेल तर पाणी बाहेर पडतं. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि बाहेरचं आत ओढलं जातं. ती फट नालीच्या काठावर किंवा चिखलात असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाण्याबरोबर ती घाण घरोघरच्या हंड्यात पोहोचते. कावीळ, टायफॉइड, हगवण यांची साथ अशाच फटींतून पसरते. म्हणून अंगणात, सांदवाडीत नळाचा पाइप नालीतून गेला असेल तर तो उचलून नालीच्या वरून घ्या. नळाला तोटी लावा; तोटीविना उघडा, चिखलात लोळणारा नळ सगळ्या आळीचं पाणी बिघडवतो. आणि नळाला थेट टुल्लू पंप लावू नका. पंप पाणी ओढतो तेव्हा रस्त्याखालच्या पाइपातही ओढ बसते, वाटेतल्या प्रत्येक फटीतून घाण आत येते आणि शेजारच्या घराचं पाणी तुटतं. ते पाणी शेजारच्यांचं आहे. मोठ्या लाईनवरून जिथे तुमचं कनेक्शन निघतं, ती जोडणी मात्र ग्रामपंचायतीची. तिथे गळत असेल तर पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगा, स्वतः खणू नका.

टाकी भरून वाहते तेव्हा दोष बहुधा बॉलकॉकचा असतो. प्लास्टिकचा गोळा काढून कानाशी हलवा. आत पाणी वाजलं तर गोळा फुटलेला आहे, तो बुडतो आणि पाणी बंदच होत नाही. गोळा चांगला असेल तर पितळी दांडी किंचित खाली वाकवा, म्हणजे पाणी थोडं आधी थांबेल. तेवढ्यानेही थांबत नसेल तर आतला रबरी वायसर बदला.

पण एक सावधगिरी. बॉलकॉक नळाच्या पाण्यावर चालतो, मोटारीच्या लाईनवर तो लावू नये. टाकी भरून बॉलकॉक बंद झाला आणि मोटार चालूच राहिली, तर पाण्याला जायला वाट उरत नाही. मोटार तापते, सांधे उडतात. मोटारीच्या लाईनला पाणी भरल्यावर मोटारच बंद करणारा फ्लोट स्विच लावा किंवा मोकळा ओव्हरफ्लो ठेवा. त्याचं तोंड अशा जागी काढा की पडणारं पाणी आवाज करील आणि घरात ऐकू येईल. मोटारीजवळ कुठलंही काम करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच खाली पाडा.

पाणी कमी येतं, ही तक्रार उन्हाळ्यात वाढते. आधी पाहा, एकाच तोटीला कमी येतं की सगळ्यांना. एकाच तोटीला असेल तर तिच्या तोंडाची जाळी काढून पाहा, बोअरच्या पाण्यात ती क्षाराने बुजते. जाळी किंवा शॉवरची चकती लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. फरशी साफ करायचं अॅसिड कधीच वापरू नका, त्याने चकाकीसकट तोटी खराब होते. सगळ्याच तोट्यांना कमी येत असेल तर टाकीखालचा व्हॉल्व अर्धवट बंद राहिलेला असतो, टाकीच्या तोंडाशी गाळ साचलेला असतो किंवा पाइपात हवा अडकलेली असते. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर पाणी येत नसेल, तर हवाच समजा. सगळ्यात खालची तोटी पूर्ण उघडून ठेवा, फडफड आवाज करत हवा निघेल. तरी न निघाली तर दाबाने पाणी येणाऱ्या नळाला रबरी नळी जोडा, तिचं दुसरं टोक बंद पडलेल्या तोटीला घट्ट धरा आणि पाणी उलटं टाकीकडे ढकला. यासाठी विहिरीच्या मोटारीचं स्वच्छ पाणी घ्या आणि टाकीत बुडबुडे येताच थांबा.

काही वेळा मात्र बिघाड काहीच नसतो, टाकीच ठेंगणी असते. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब, म्हणजे न्हाणीघराच्या स्लॅबवर ठेवलेल्या टाकीतून शॉवरला त्याचा दहावा-पाचवा हिस्साच मिळतो. तोट्या बदलून तिथे फरक पडत नाही. टाकीखाली विटांचा ओटा उचलावा लागतो किंवा उतरणारा पाइप मोठ्या व्यासाचा घ्यावा लागतो.

फुटलेल्या पाइपाला तात्पुरता उपाय सायकलच्या जुन्या ट्यूबचा. पाणी बंद करा, पाइप पुसा, ट्यूबची लांब पट्टी कापून चिरेच्या बरीच अलीकडून सुरू करा आणि पूर्ण ताणून, एकावर एक वेढे देत पलीकडे न्या, वरून तार आवळा. एम-सील ओल्या पाइपाला धरत नाही, जागा कोरडी आणि घासून खरखरीत केलेली हवी. कायमचा उपाय म्हणजे तेवढा तुकडा कापून नवा घालणं. पांढरा यूपीव्हीसी पाइप थंड पाण्यासाठी, पिवळसर सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी आणि दोघांचं सॉल्व्हंटही वेगळं. गीझर किंवा सोलरच्या लाईनला पांढरा पाइप घालू नका, तो मऊ पडून वाकतो. हेक्सॉ ब्लेडने सरळ काप घ्या, कापलेल्या कडेचे कीस चाकूने काढा, दोन्ही भाग कोरडे पुसा, दोन्हींना पातळ सॉल्व्हंट लावा, पाइप आत ढकलताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सोडला तर तो थोडा मागे सरकतो. दाबाचं पाणी शक्यतो दुसऱ्या दिवशी सोडा. उघड्यावरच्या प्लास्टिक पाइपाला भंडाऱ्याचं मे महिन्याचं ऊन लवकर ठिसूळ करतं. त्यावर पांढरा रंग मारला किंवा गोणपाट गुंडाळलं तर तो पुष्कळ टिकतो.

मोरी आणि सिंक तुंबण्याचं कारण आपल्याकडे बरंचसं स्वयंपाकघरातच असतं. हा धानाचा मुलुख, भाताची पेज आणि शितं रोज पाण्याबरोबर जातात, त्यात तेल मिसळतं. भांडी राखेने घासली असतील तर राख खाली बसून त्या चिकट थराला दगडासारखं करते. सिंकखाली वाटीसारखा बॉटल ट्रॅप असतो. त्याच्याखाली बादली ठेवा, वाटी हाताने फिरवून काढा, धुवा, रबरी रिंग सरळ बसवून परत लावा. हे काम महिन्यातून एकदा केलं तर सिंक सहसा तुंबतच नाही. न्हाणीच्या जाळीखाली केस आणि साबण अडकतात, ते हातमोजा घालून काढा. मग रबरी पंप पाण्यात बुडवून दहा-पंधरा वेळा दाबा. शेजारचं दुसरं तोंड ओल्या फडक्याने बुजवून धरा, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो. उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिकचे सांधे सोडतात; हाताला सोसेल त्याहून थोडं गरम पुरे. कॉस्टिक सोडा वापरायचाच असेल तर पाण्यात सोडा हळूहळू टाका, सोड्यावर पाणी ओतू नका. डोळे आणि हात झाका, आणि त्यात अॅसिड किंवा ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका. न्हाणीतून नुसताच वास येत असेल, पाणी मात्र नीट जात असेल, तर एक तांब्या पाणी ओता. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये उभं असलेलं पाणीच वास अडवतं, वापर नसला की ते सुकतं.

फ्लशच्या टाकीतून गुपचूप पाणी जातंय का हे पाहायला टाकीत थोडी कपड्यांची नीळ टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर खालचं रबरी झाकण बसत नाही. ते पुसून पाहा, नाही जमलं तर बदला.

काही कामांना हात लावू नये. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्वमधून पाणी ठिबकतं म्हणून तो बुजवणं जिवावर बेतू शकतं. सेप्टिक टँकमध्ये किंवा संडासाच्या खड्ड्यात उतरू नका आणि दुसऱ्या कुणालाही उतरवू नका. आतला वायू दोन श्वासांत माणसाला पाडतो, वाचवायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय सेप्टिक टँक साफ करायला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्राची गाडीच बोलवा. भिंतीत ओल पसरत असेल तर रात्री सगळ्या तोट्या बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी खाली गेलेलं दिसलं तर पाइप बहुधा भिंतीत फुटला आहे, ते काम कारागिराचं.

घरात एक डबा मात्र करून ठेवा. मोठा स्क्रू पान्हा, टेफ्लॉनची दोन रिळं, अर्धा इंची वायसर, हेक्सॉ ब्लेड, सॉल्व्हंटची छोटी बाटली आणि अर्धा इंची डमी, म्हणजे आट्यांचं बूच. तोटी मुळापासून तुटली तर तिच्या जागी डमी टेप लावून आवळा, बाकीचं घर पाण्याने चालू राहील.

आणि प्लंबरला बोलवायचंच ठरलं, तर फोनवर नुसतं 'नळ गळतो' म्हणू नका. पाइप लोखंडी की प्लास्टिकचा, पांढरा की पिवळसर, अर्धा इंची की पाऊण, पाणी तोटीच्या तोंडातून येतं की सांध्यातून, ते सांगा आणि मोबाइलवर फोटो पाठवा. तो साकोलीच्या दुकानातून नेमका तो सुटा भाग घेऊनच निघेल आणि काम एका फेरीत होईल.